नीसचे सेंत रेपारात : सरहद्दीवरचे एक देवालय

फ्रान्समधील बरोक शैलीची चर्चे पाहण्याच्या हेतूने जो जिज्ञासू प्रवासी घराबाहेर पडला असेल, त्याने पॅरिसमध्ये फार दिवस मुक्काम ठोकू नये. तेथे त्या शैलीचे अगदीच काही नाही असे नव्हे. व्हाल-द-ग्रासचा घुमट आहे, जेझुइटांनी बांधलेले सेंत पॉल-सेंत लुईचे चर्च आहे. परंतु रोम, नेपल्स किंवा जेनोआ पाहून आलेल्या डोळ्यांना त्या इमारती काहीशा संकोचलेल्या, दरबारी शिष्टाचाराच्या धाकाने हातचे राखून बोलणाऱ्या वाटतात. खऱ्या अर्थाने मुक्तहस्त, रंगांना आणि सोन्याच्या मुलाम्याला न लाजणारे बरोक त्याला पाहावयाचे असेल, तर त्याने भूमध्य समुद्राच्या काठाने नीस आणि मांतो या गावांकडे जावे, आल्प्सच्या कुशीतील साव्हॉयच्या खोऱ्यांत शिरावे, किंवा आगबोटीने कॉर्सिका बेट गाठावे. आज हे तिन्ही मुलूख फ्रान्सच्या नकाशात निःशंकपणे एका रंगाने रंगविलेले असतात; मात्र ही चर्चे ज्या काळी उभी राहिली, त्या काळी यांपैकी एकही मुलूख फ्रेंच राज्याचा भाग नव्हता. कॉर्सिका जेनोआच्या ताब्यात होते, मांतो मोनाकोच्या राजकुलाकडे होते आणि नीस साव्हॉयच्या ड्यूकांकडे. फ्रान्समधील उत्कृष्ट बरोक हे बव्हंशी फ्रान्सने बांधलेले नाही, ते फ्रान्सला मुलखाबरोबर मिळालेले आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडी आणि सत्य पुष्कळ आहे.

खुद्द फ्रेंच दरबाराने या शैलीची पारख कशी केली, हे 1665 सालच्या एका प्रसंगावरून चांगले उमगते. लुव्र राजवाड्याच्या पूर्वेकडील दर्शनी भागाची योजना करण्यासाठी चौदाव्या लुईने रोमहून प्रत्यक्ष बेर्निनीला पाचारण केले. तो वृद्ध शिल्पी पॅरिसला आला, त्याचा इतमामाने सत्कार झाला, राजाचा संगमरवरी अर्धपुतळा त्याने घडविला, नियोजित इमारतीची पायाभरणीही थाटात झाली. आणि तो परत फिरल्यानंतर थोड्याच काळात त्याचे सारे नकाशे दप्तरात बांधून ठेवण्यात येऊन, रांगेत उभ्या राहिलेल्या शिपायांप्रमाणे शिस्तशीर स्तंभावली तेथे उभारण्यात आली. राजसत्तेला भिंतीची लाट होणे नको होते; तिला सरळ रेषा हवी होती. नेमक्या याच सुमारास, त्या सत्तेच्या आग्नेय सरहद्दीपलीकडे, नीस शहराच्या अरुंद गल्ल्यांमध्ये एक कथेड्रल बांधले जात होते, आणि ते रोमकडे तोंड करून बांधले जात होते.

नीस हे साव्हॉयच्या पदरी पडले ते 1388 साली. प्रोव्हाँस प्रांतात वारसाहक्काचा कज्जा पेटला असता शहराच्या मुखत्यारांनी आपल्या मूळ धन्याची बाजू सोडली आणि साव्हॉयचा काउंट सातवा आमादेउस याच्याशी कौलकरार करून त्याचे स्वामित्व पत्करले. डोंगराळ मुलखाच्या त्या राजाला बंदर हवे होते आणि नीसला संरक्षण. सौदा उभयपक्षी सोयीचा होता. तेव्हापासून 1860 पर्यंत, मधले फ्रेंच कब्जाचे काळ वगळता, हे गाव साव्हॉयच्या दरबाराला बांधलेले राहिले. त्यामुळे तेथील माणूस नीसार्त बोलत असे, त्याचा सरकारी कागद दीर्घकाळ इटालियनमध्ये लिहिला जात असे, आणि त्याची चर्चे बांधणारे गवंडी, गिलावेकरी व चित्रकार लिगुरिया, पिएमाँत व लोंबार्डीच्या सरोवरांकडून येत असत.

जुन्या नीसचे मूळ वसतिस्थान आजच्या जुन्या गावात नव्हते; ते समुद्रालगतच्या उंच टेकडीवर होते. तिला अद्यापि ‘किल्ला’ असेच म्हणतात, यद्यपि किल्ला म्हणावा असे तेथे आता काही उरलेले नाही. सांता मारिया या नावाचे पूर्वीचे कथेड्रलही त्या टेकडीवरच होते. परंतु सोळाव्या शतकात तोफखान्याचे बळ जसजसे वाढत गेले, तसतशी टेकडीवरची रहदारी, बाजार आणि घंटानाद ही लष्करी अधिकाऱ्यांना अडचण वाटू लागली. 1543 मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि ऑटोमन आरमाराचा सरदार बार्बारोसा खैरुद्दीन यांनी मिळून शहराला वेढा घातला; खालचे गाव पडले, वरचा किल्ला मात्र टिकून राहिला. धोपटण्याने तुर्की निशाणधारकाला लोळविणारी कातरीना सेगुराना ही धोबीण त्याच वेढ्यातली. तिच्या अस्तित्वाविषयी इतिहासकार साशंक असले, तरी नीसच्या लोकांना ती शंका कधीच मान्य झालेली नाही. या वेढ्यापासून ड्यूक एमान्युएल फिलिबेर्त याने घ्यावयाचा तो धडा घेतला. टेकडी ही केवळ शिबंदीसाठी राखून ठेवण्याचे धोरण ठरले, रयत पायथ्याशी उतरली आणि तिच्यामागोमाग बिशपही उतरला. 1590 मध्ये धर्मपीठाचे स्थलांतर रीतसर झाले, आणि खालच्या गावातील सेंत रेपारात या नावाच्या एका साध्या चर्चला कथेड्रलचा दर्जा प्राप्त झाला.

ही रेपारात किंवा रेपाराता म्हणजे पॅलेस्टाईनमधील सीझारियाची एक पंधरा वर्षांची कुमारिका. सम्राट डेसियसच्या छळसत्रात, म्हणजे इ. स. 250 च्या सुमारास, तिला हौतात्म्य आले अशी परंपरा आहे. आख्यायिका पुढे असे सांगते की, तिचा देह एका नावेत ठेवून समुद्रात लोटून देण्यात आला आणि देवदूतांनी ती नाव हलकेच नीसच्या किनाऱ्याला आणून लावली. तेथील उपसागराला ‘देवदूतांचा उपसागर’ हे नाव यावरूनच पडले असे स्थानिक लोक मानतात. फ्लॉरेन्सचीही ती एकेकाळी ग्रामदेवता होती, आणि तिच्या नावाच्या प्राचीन चर्चचे अवशेष तेथील विख्यात कथेड्रलच्या फरशीखाली आजही पाहावयास मिळतात. एकाच संतीणीवर दोन शहरांनी हक्क सांगावा, यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. ज्या प्रांतात एकेका साधूच्या समाध्या दोन-दोन गावांत दाखविल्या जातात, त्या प्रांताच्या रहिवाशांनी तरी अशा बाबतीत पुरावा मागत बसू नये.

खालच्या गावातले ते चर्च कथेड्रल म्हणून फारच तोकडे पडू लागले, तेव्हा 1650 च्या सुमारास बिशप दिदिए पालेती याने ते पाडून भव्य देवालय उभारण्याचे ठरविले आणि काम नीसचाच वास्तुविशारद जाँ-आंद्रे गिबेर याच्याकडे सोपविले. गिबेर हा दुर्गरचनेतही मुरलेला गृहस्थ होता. असे असूनही या इमारतीच्या नशिबी प्रारंभीच मोठा अपघात लिहिलेला होता. 1658 मध्ये छताच्या कमानीचा एक भाग ढासळला, आणि ज्याच्या उत्साहाने हे कार्य आरंभिले गेले होते तो बिशप पालेतीच त्याखाली सापडून प्राणाला मुकला. अशा प्रसंगी काम कायमचे बंद पडावे, किंवा निदान त्या जागेविषयी लोकांच्या मनात अढी बसावी, हे स्वाभाविक झाले असते. परंतु तसे काही झाले नाही. पैशाची चणचण आणि काळाची प्रतिकूलता यांच्याशी झगडत बांधकाम 1685 मध्ये एकदाचे पुरे झाले. त्यानंतरही अभिषेकविधीसाठी आणखी चौदा वर्षे जावी लागली आणि तो 1699 मध्ये बिशप आंरी प्रोव्हाना द लेइनी याच्या हस्ते पार पडला. म्हणजे सिंहगड-पुरंदरच्या परिसरात शिवाजी महाराज स्वराज्याची जुळवाजुळव करीत होते तेव्हा ज्याचा पाया खणला गेला, त्या मंदिराची प्राणप्रतिष्ठा औरंगजेब साताऱ्याला वेढा घालण्यास निघाला त्या वर्षी झाली.

त्या दोन तारखांच्या दरम्यान, आणि नंतरही, सरहद्दीपलीकडचा बलाढ्य शेजारी स्वस्थ बसलेला नव्हता. 1691 च्या वेढ्यात सेनापती कातिना याच्या तोफांचा एक गोळा किल्ल्याच्या दारूकोठारावर पडून प्रचंड स्फोट झाला आणि किल्ला फ्रेंचांच्या हाती गेला. पुढे तहान्वये तो साव्हॉयला परत मिळाला. 1705-06 मध्ये स्पेनच्या वारसायुद्धाच्या धामधुमीत तो पुन्हा फ्रेंचांनी घेतला, आणि या खेपेस चौदाव्या लुईने हुकूम सोडला की, तट, बुरूज, इमले, जे असेल ते जमीनदोस्त करावे. तो हुकूम इतक्या काटेकोरपणे अमलात आणला गेला की, ज्या टेकडीवर शतकानुशतके शहर नांदत होते तेथे पुढे वृक्षराजी वाढली. जुन्या सांता मारियाच्या पायाचे दगड आता उत्खननानंतरच दृष्टीस पडतात. मला या घटनेत एक विलक्षण योगायोग दिसतो. ज्या राजाने बेर्निनीचे नकाशे गुंडाळून ठेवले, त्यानेच नीसचा किल्ला पाडून त्या शहराला तटबंदीच्या जाचातून मोकळे केले. आणि किल्ला गेल्यामुळे गावाच्या आकाशात उंच म्हणावे असे जे काही उरले, ते चर्चचे घुमट आणि घंटामनोरे एवढेच उरले. सेंत रेपारातचा घंटामनोरा यानंतरचा, 1731 ते 1757 या काळातला आहे. तो उभा राहिला तेव्हा त्याच्याशी स्पर्धा करणारा एकही बुरूज टेकडीवर शिल्लक नव्हता.

आता मंदिराकडे वळावे. जुन्या नीसच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, समोरासमोरच्या घरांच्या खिडक्यांतून शेजारणींनी वाटीभर मीठ एकमेकींना सहज पोहोचवावे. वाळत घातलेली वस्त्रे, खालच्या दुकानांतून येणारा ऑलिव्ह तेलाचा आणि लाकडाच्या भट्टीवर भाजल्या जाणाऱ्या सोक्का नामक चण्याच्या पिठाच्या पोळ्याचा वास, आणि वर आकाशाची एक निळी चिंधी, अशा वातावरणातून चालत असता अकस्मात रोसेत्ती चौक लागतो आणि कथेड्रलचा दर्शनी भाग अगदी अंगावर आल्यासारखा पुढे ठाकतो. दुरून पाहून सावकाश जवळ जावे, अशी सोय येथे नाही. तो दर्शनी भाग दोन मजली आहे, जोडस्तंभांनी आणि कोनाड्यांनी सजविलेला आहे. त्यावरील आजचे पुष्कळसे अलंकरण 1825 च्या सुमाराचे, म्हणजे मूळ रचनेहून सव्वाशे वर्षांनी अर्वाचीन आहे. मागे रंगीत, झिलईदार कौलांचा घुमट. तो मात्र चौकातून नीट दिसत नाही, टेकडीवर चढून गेल्यावरच त्याची खरी शोभा कळते.

आतील रचना समजून घ्यावयाची तर शंभरेक वर्षे मागे, ट्रेंट येथील धर्मसभेपर्यंत, जावे लागते. लूथरच्या बंडाने हादरलेल्या रोमन धर्मपीठाने 1545 ते 1563 या काळात तेथे जी सभा भरविली, तिने सिद्धांतांबरोबर आचाराचाही बंदोबस्त केला: चित्रे आणि मूर्ती भाविकाच्या शिक्षणासाठी योग्य ठरविण्यात आल्या, प्रवचनाला महत्त्व आले, आणि वेदीवरील विधी सर्वांना दिसला पाहिजे ही दृष्टी बळावली. मध्ययुगीन चर्चमध्ये भाविकांचे मंडप आणि पुरोहितांचे गर्भस्थान यांच्यामध्ये जी कोरीव भिंत असे, ती गेली. रोममध्ये जेझुइटांनी 1568 पासून बांधलेल्या जेझू या चर्चने या नव्या दृष्टीला घाट दिला: एकच रुंद मंडप, दोहो बाजूंस खोलीसारखी चॅपेले, पुढे घुमटातून पडणारा प्रकाश आणि त्या प्रकाशात न्हालेली प्रधान वेदी. हा साचा तेथून जगभर गेला. नीसमध्ये जेझुइटांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःचे चर्च बांधले, त्यालाही लोक जेझूच म्हणतात. तेथील प्रवचनपीठातून लाकडाचा एक हात क्रूस उचलून पुढे आलेला आहे, जणू प्रवचनकाराचे शब्द अपुरे पडतील या शंकेने त्याला तिसरा हात देऊन ठेवला आहे. सेंत रेपारातही याच कुळातले. लॅटिन क्रूसाच्या आकाराची मांडणी, मध्यावर घुमट, दोन्ही अंगांना चॅपेलांची रांग.

या साऱ्या वैभवाचे रहस्य मात्र अगदी साधे आणि, मला वाटते, मोठे हृद्य आहे. नीस हे श्रीमंत शहर नव्हते. जे डोळ्यांना दगड वाटते ते पुष्कळ ठिकाणी चुनेगच्ची असते, जे संगमरवर वाटते ते रंगविलेला गिलावा असते, आणि ज्याला सुवर्ण म्हणावे ते वर्खाचा एक पातळ पापुद्रा. लिगुरियाच्या किनाऱ्यावर तर घरांच्या कोऱ्या भिंतींवर खिडक्या रंगवून त्यांना झडपा आणि छायाही रंगविण्याची चाल आहे, आणि नीसमध्ये ती पदोपदी दिसते. शुद्धतावाद्यांनी बरोकला खोटेपणाचा दोष दिला तो या कारणाने. परंतु चुना, वाळू आणि संगमरवराची पूड यांच्या मिश्रणातून ओल्या गिलाव्यावर घाईने देवदूताचा गाल घडविणाऱ्या त्या कारागिरांचे हात पाहिले असते, तर हा आक्षेप घेणाऱ्यांची जीभ अडखळली असती. मिश्रण वाळण्यापूर्वी जे काही करावयाचे ते करावे लागे; चुकलेला पंख पुन्हा दुरुस्त करण्यास दगडात जसा अवसर नाही तसा येथेही नसे. भपका त्या शैलीत आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. तो भपका कोळ्यांना, मोच्यांना, हमालांना आठवड्यातून एकदा विनामूल्य उपलब्ध होता, हेही तितकेच खरे आहे.

चॅपेले कोणाची, याला येथे मोठे महत्त्व असे. ती काही धनिक घराण्यांच्या, काही व्यवसायसंघांच्या मालकीची असत. ज्याचे चॅपेल त्याने तेथील वेदी, चित्र, दिवाबत्ती आणि दुरुस्ती यांचा खर्च सोसावयाचा, आणि बदल्यात आपल्या मृतांसाठी प्रार्थनेचा हक्क राखावयाचा. आपल्याकडील देवस्थानांतील मानकऱ्यांचे हक्क आणि त्यापायी होणारी भांडणे ज्याने पाहिली आहेत, त्याला या व्यवस्थेचे मर्म फोड करून सांगावे लागणार नाही. याच्याही पलीकडे जाऊन गावातल्या सामान्य गृहस्थांनी प्रायश्चित्त-मंडळ्या स्थापन केल्या होत्या. पांढऱ्या झग्याच्या मंडळीचा उगम 1306 पर्यंत मागे जातो आणि ती रुग्णसेवा करी. काळ्या झग्याची मंडळी बेवारस प्रेतांना मूठमाती देई आणि फाशीच्या कैद्यासोबत वधस्तंभापर्यंत जाई. निळ्या आणि तांबड्या झग्यांच्या मंडळ्या वेगळ्या. प्रत्येकीचे स्वतंत्र चॅपेल होते, आणि या चॅपेलांनीच जुन्या नीसला त्याचे बरोक रूप कथेड्रलइतकेच दिले आहे.

त्यांतील एक तर कथेड्रललाही मागे सारील इतके सुंदर आहे. फुलांचा आणि भाज्यांचा बाजार भरतो त्या सालेया चौकात काळ्या मंडळीचे मिझेरिकोर्दचे चॅपेल आहे. 1740 मध्ये त्याचे काम सुरू झाले. नकाशा पिएमाँतच्या बेर्नार्दो व्हित्तोने याचा. ग्वारीनी या तुरीनच्या अलौकिक वास्तुकाराचा ग्रंथ संपादून प्रसिद्ध करणारा हाच व्हित्तोने. गुरूची भूमिती त्याने पचविली होती, आणि तिच्यात स्वतःचा एक प्रसन्न प्रकाश मिसळला होता. येथे सरळ भिंत अशी जवळजवळ नाहीच. लंबवर्तुळाला लहान-मोठी वर्तुळे छेदतात आणि बाहेरची भिंतही फुगून पुन्हा आत जाते. चॅपेलच्या संग्रहात जाँ मिराले याने पंधराव्या शतकात रंगविलेले करुणामूर्ती मेरीचे फलकचित्र आहे; आपल्या विस्तीर्ण झग्याखाली तिने साऱ्या समाजाला आसरा दिलेला आहे. ते इमारतीहून तीनशे वर्षांनी जुने आहे.

हे चॅपेल मुळात काळ्या मंडळीचे नव्हे. ते थिआतिन संघाच्या साधूंनी आपला संस्थापक संत काजेतान याच्या नावे बांधविले. काळ्या मंडळीकडे ते 1829 मध्ये आले. मराठी वाचकाला हे नाव अपरिचित असू नये. याच संघाचे इटालियन साधू सतराव्या शतकात गोव्यात आले आणि त्यांनी जुन्या गोव्यात, मांडवीच्या काठापासून जवळच, याच संताच्या नावाचे चर्च रोमच्या सेंट पीटरच्या नमुन्यावर उभारले. त्याचा घुमट आजही माडांच्या वर दिसतो. जेझुइटांचे बॉम जेझू त्याहून पन्नासेक वर्षांनी आधीचे. हा घुमट आणि हे स्तंभ पुढे गोव्यातील हिंदू गवंड्यांनी इतके आत्मसात केले की, शाहूमहाराजांच्या मंत्र्याने, नारो रामाने, 1738 च्या सुमारास कवळ्याची शांतादुर्गा बांधविली तेव्हा शिखराच्या ठायी घुमटाकार रचना आली आणि कोणालाही ती परकी वाटली नाही. नीस आणि कवळे यांच्यात कोणी पत्रव्यवहार केला नव्हता. एकाच रोममधून निघालेले दोन ओघ मात्र दोन सागरांना जाऊन मिळाले.

नीसच्या या धर्मपीठाचे सारेच कर्तृत्व गौरवास्पद होते असे नाही. 27 मे 1840 रोजी विख्यात व्हायोलिनवादक पागानिनी कथेड्रलपासून हाकेच्या अंतरावरील एका घरात मरण पावला. अखेरचे संस्कार त्याने घेतले नव्हते, आणि सैतानाशी करार करून त्याने वादनकौशल्य मिळविले अशी वदंता तर सर्व युरोपभर होती. बिशपने त्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा नाकारली. त्याच्या मुलाने अर्जविनंत्यांचा धोशा चालविला, शव या ठिकाणाहून त्या ठिकाणी फिरत राहिले, आणि पार्मा येथील दफनभूमीत त्याला स्थैर्य लाभले ते 1876 मध्ये. ज्या वास्तूच्या छतावर देवदूत अखंड वाद्ये वाजवीत बसलेले असतात, त्या वास्तूच्या धन्याने एका वादकाला साडेतीन हात जमीन देऊ नये, याला काय म्हणावे!

1860 च्या मार्चमध्ये तुरीन येथे तह झाला. इटलीच्या एकीकरणात नेपोलियन तिसरा याने केलेल्या साहाय्याची किंमत म्हणून तेथील पंतप्रधान कावूर याने साव्हॉय आणि नीस त्याला देऊ केले. एप्रिलच्या मध्यास लोकमत घेण्यात आले आणि त्याचा कौल प्रचंड बहुमताने फ्रान्सच्या बाजूने पडल्याचे जाहीर झाले. या व्यवहाराने सर्वांत अधिक दुखावला तो 1807 साली याच गावात जन्मलेला गॅरिबाल्डी. मॅझिनीच्या जोडीने त्याचे नाव महाराष्ट्रातील तरुणांच्या ओठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून होते. पण इटलीला देश मिळवून देणाऱ्या या वीराचे स्वतःचे गाव त्याच मसलतीत परक्याच्या हवाली झाले, ही गोष्ट त्यांतील किती जणांना ठाऊक होती कोण जाणे. तुरीनच्या प्रतिनिधिगृहात त्याने कडाडून निषेध केला. उपयोग झाला नाही.

नव्या धन्याने मग जुन्या गावाच्या पश्चिमेस, रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर, स्वतःचे मोठे चर्च बांधविले. 1864 मध्ये त्याचा आरंभ झाला, 1868 मध्ये ते पुरे झाले, आणि त्याला मेरीचे नाव दिले. शैली मात्र निवडली ती बाराव्या-तेराव्या शतकांतील उत्तर फ्रान्सची, टोकदार कमानींची, दोन चौकोनी मनोऱ्यांची गॉथिक. त्या किनाऱ्यावर गॉथिकची तशी परंपराच नव्हती. पॅरिसच्या चेहऱ्याचा एक मुखवटा भूमध्य समुद्राच्या उन्हात आणून उभा केल्यासारखे ते दिसते, आणि त्याचा हेतूही तोच असावा. मुलूख आपला झाला हे नकाशापेक्षा मनोऱ्याने सांगणे राज्यकर्त्यांना नेहमीच अधिक सोपे वाटत आले आहे. धर्मपीठ मात्र तेथे गेले नाही. ते जुन्या गावात, सेंत रेपारातमध्येच राहिले, आणि 1949 मध्ये पोप बाराव्या पायसने त्या कथेड्रलला लघु बॅसिलिकेचा सन्मान दिला. रेपारातचा उत्सव 8 ऑक्टोबरला असतो.